नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीचे स्टिअरिंग विचित्र वाटते तेव्हा: दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

जुनी गाडी विकत घेऊन घरी आणली की पहिल्या दोन-चार दिवसांतच हाताला काहीतरी खटकू लागते. वळण घेऊन झाल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, सरळ रस्त्यावर गाडी हळूहळू एका बाजूला सरकते किंवा ठरावीक वेगाला हाताखाली बारीक थरथर जाणवते. आधीच्या मालकाला विचारले, तर ‘गाडी पहिल्यापासून अशीच आहे’ असे उत्तर मिळते आणि बहुतेक वेळा तो खोटे बोलत नसतो. सांधे, बुश (सांध्यांतले रबरी आधार) आणि टायर महिन्यामागून महिने थोडेथोडे झिजत गेले, की चालवणाऱ्याचा हातही तितकाच सरावत जातो आणि त्याला दोष जाणवेनासा होतो. नव्या मालकाच्या हाताला अजून ती सवय लागलेली नसते, पण दोन-तीन आठवड्यांत तीही लागते. म्हणून तपासणीला गाडी घेतल्यापासूनचे पहिले काही दिवस सर्वांत चांगले असतात आणि तिची सुरुवात वहीपासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी नोंद करावी

वेगवेगळ्या वेळी गाडी चालवून काय जाणवते ते साध्या शब्दांत लिहून ठेवावे. स्टिअरिंग जड लागते, ढिले लागते, गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग थरथरते, वळणानंतर परत येत नाही किंवा वळवताना आवाज येतो, या सहा वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची मुळेही बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी असतात. प्रत्येक तक्रारीपुढे ती कोणत्या वेगाला जाणवते, इंजिन थंड असताना की तापल्यावर, ब्रेक लावताना की अॅक्सिलरेटर दाबताना, डावीकडे वळताना की उजवीकडे, हे लिहावे. गॅरेजमध्ये जाऊन ‘स्टिअरिंग बरोबर नाही’ एवढेच सांगितले, तर बहुतेक ठिकाणी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करून गाडी परत मिळते. ‘ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान थरथरते, पुढे कमी होते आणि ब्रेक लावल्याने वाढत नाही’ असे सांगितले, तर जाणता मेकॅनिक थेट चाकांच्या बॅलन्सिंगकडे (चाकाचे वजन सर्व बाजूंनी समतोल करण्याकडे) वळतो.

नोंद करताना काही गोष्टी दोष नसतात, हेही ध्यानात ठेवावे. बहुतेक रस्त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी मधून कडेकडे उतार दिलेला असतो आणि स्टिअरिंग सैल धरले तर गाडी त्या उताराकडे हलकेच सरकते. म्हणून गाडी ओढते की नाही, हे शक्य तितक्या सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर पाहावे आणि तसा रस्ता नसेल तर त्याच रस्त्यावर उलट दिशेनेही पाहावे. आधुनिक पॉवर स्टिअरिंग कमी वेगात मुद्दाम हलके आणि जास्त वेगात मुद्दाम जड ठेवलेले असते, त्यामुळे पूर्वीच्या गाडीशी तुलना करून हे ‘जड’ किंवा ‘हलके’ ठरवणे फसवे असते. गाडीत मार्गिका राखण्याची सोय असेल, तर रेषेजवळ जाताच स्टिअरिंग हाताला ओढ देते किंवा थरथरते. ही सोय बंद करून चाचणी घेतल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. शक्य असल्यास त्याच मॉडेलची, नीट राखलेली दुसरी गाडी दहा मिनिटे चालवून पाहावी. मूळ स्थितीत ती गाडी कशी लागते, हे त्याहून चांगले दुसऱ्या कशातूनही कळत नाही.

काही लक्षणे दिसली, तर पुढची कोणतीही चाचणी चालवून करू नये. स्टिअरिंग मध्येच अडकत असेल, ते बरेच फिरवूनही चाके हलत नसतील, ढिलेपणा दिवसागणिक वाढत असेल, एखादे चाक डोळ्यांना तिरके दिसत असेल किंवा पॉवर स्टिअरिंगचा लाल दिवा लागून स्टिअरिंग अचानक जड होत असेल, तर गाडी जिथे आहे तिथेच उभी ठेवून दुसऱ्या वाहनावरून गॅरेजमध्ये न्यावी. निखळलेला बॉल जॉइंट (चाकाला धरणारा गोल सांधा) किंवा सुटलेला टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांडीचे टोक) चाकाला वाटेल त्या दिशेला जाऊ देतो.

टायरपासून सुरुवात

स्टिअरिंग हाताशी असले, तरी दोष बहुधा साखळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे रस्त्याजवळ असतो. त्यामुळे तपासणी खालून वर, टायरपासून स्टिअरिंगच्या दांड्यापर्यंत न्यावी. या क्रमात स्वस्त आणि सोप्या गोष्टी आपोआप आधी येतात.

सर्वप्रथम हवा तपासावी. गाडी किमान तीन तास उभी असताना, म्हणजे टायर थंड असताना, चारही चाकांतील दाब मोजून तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याशी जुळवावा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा टायरला सोसवणारा कमाल दाब असतो. गाडीसाठी योग्य दाब तो नव्हे, आणि या गल्लतीमुळे अनेक गाड्यांत वर्षानुवर्षे जास्त हवा भरली जाते. पुढच्या दोन्ही टायरांत हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड आणि सुस्त लागते, एकाच बाजूला कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते आणि हवा जास्त असेल तर गाडी रस्त्याच्या प्रत्येक खाचेवर बिचकल्यासारखी चालते.

त्यानंतर टायर वाचावेत. कडेवरच्या ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या खुणेचे शेवटचे चार आकडे टायरचा जन्म सांगतात. २३१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. विक्रीपूर्वी दोनच टायर बदललेले असणे, किंवा पुढच्या दोन चाकांवर वेगवेगळ्या नक्षीचे टायर असणे, हे जुन्या गाडीत नेहमी आढळते आणि विचित्र स्टिअरिंगचे ते अत्यंत साधे कारण असू शकते. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास तो योग्य दिशेला आहे का, तेही पाहावे. मूळ मापापेक्षा रुंद टायर किंवा वेगळ्या खोलीचे रिम बसवलेले असतील, तर चाक ज्या रेषेभोवती वळते ती रेषा आणि टायर जमिनीला टेकतो ती जागा यांतले अंतर बदलते. अशी गाडी रस्त्यातल्या चाकोऱ्यांच्या मागे जाते आणि ब्रेकच्या वेळी स्टिअरिंगला झटके देते. हा दोष सुट्या भागांत शोधून सापडत नाही, त्यासाठी मूळ मापावर परत यावे लागते.

आता तळहात टायरच्या नक्षीवर आडवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. मात्र त्याआधी तारा किंवा खिळे बाहेर आलेले नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. एका दिशेने हात गुळगुळीत सरकतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे खरखरते, असे जाणवले तर चाकांचा टो बिघडलेला आहे, म्हणजे वरून पाहिल्यास चाके एकमेकांना समांतर न राहता आत किंवा बाहेर वळलेली आहेत आणि टायर रस्त्यावर घासत चालला आहे. केवळ आतली किंवा केवळ बाहेरची कड झिजली असेल, तर चाकाचा उभा कल, म्हणजे कँबर, किंवा टो संशयित ठरतो. नक्षीत ठरावीक अंतरावर खोलगट वाट्या पडल्या असतील, तर चाक उसळत चालत होते आणि ते बहुधा शॉक अॅब्सॉर्बर थकल्याने घडते. टायरची झीज म्हणजे मागच्या काही हजार किलोमीटरांची नोंदच असते आणि विक्रीपूर्वी गाडी कितीही धुऊन-पुसून दिली, तरी ही नोंद पुसता येत नाही.

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंटच्या आधी आणखी एक चाचणी घ्यावी. ती मी कळकळीने सुचवतो, कारण माझ्या एका गाडीने मला ती शिकवली. ती गाडी डावीकडे ओढत असे. दोन वेगवेगळ्या ठिकाणी अलाइनमेंट करून घेतली, दोन्ही वेळा अहवालातले सर्व आकडे मर्यादेत निघाले आणि दोन्ही वेळा गाडी पूर्वीसारखीच डावीकडे जात राहिली. शेवटी पुढची दोन चाके काढून त्यांची अदलाबदल केली आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, गाडी उजवीकडे ओढू लागली. दोष सांध्यात नव्हता, टायरातच होता. टायरच्या आतला तारांचा पट्टा किंचित एका बाजूला सरकलेला असला, की तो टायर शंकूसारखा वागतो आणि घरंगळताना एका बाजूला जाऊ पाहतो. अदलाबदल केल्यावर ओढीची दिशा उलटली, तर कारण टायर. दिशा तीच राहिली, तर कारण गाडीत. दिशेचा बाण असलेल्या टायरांची अशी डावी-उजवी अदलाबदल करू नये. चारही चाकांचे माप एकच असेल, तर त्याच बाजूची पुढची-मागची चाके बदलून पाहावी. चाके बसवताना नट पुस्तिकेत दिलेल्या बलाने टॉर्क पान्ह्यानेच आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

पॉवर स्टिअरिंग कोणत्या प्रकारचे आहे?

बोनेट उघडून स्टिअरिंगचे चिन्ह असलेली तेलाची छोटी टाकी दिसते का, ते पाहावे. टाकी असेल आणि पंप इंजिनच्या पट्ट्यावर चालत असेल, तर स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, आहे. टाकी असून पंपाला विजेची मोटर असेल, तर ते मिश्र प्रकारचे आहे. टाकीच नसेल, तर ते बहुधा पूर्णपणे विजेवर चालणारे आहे आणि चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर क्षणभर त्याचा दिवा लागून विझायला हवा. हा दिवा चावी फिरवल्यावर मुळीच लागत नसेल, तर तो मुद्दाम बंद केलेला असण्याची शक्यता आहे आणि जुन्या गाडीत ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी.

हायड्रॉलिक प्रकारात तेलाची पातळी, रंग आणि वास पाहावा. काळपट आणि जळका वास येणारे तेल जुने झालेले असते, तर फेसाळलेले तेल दाखवते की कुठल्या तरी नळीतून आत हवा ओढली जात आहे. वळवताना येणारा घुमणारा, कण्हल्यासारखा आवाज पंपाचा किंवा हवेचा असतो आणि पूर्ण वळवल्यावर येणारी कर्कश किंचाळी बहुधा सैल पट्ट्याची असते. पातळी वरचेवर कमी होत असूनही जमिनीवर थेंब दिसत नसेल, तर रॅकच्या (स्टिअरिंग फिरवल्यावर आडवी सरकून चाके वळवणाऱ्या दातेरी पट्टीच्या) दोन्ही टोकांना असलेले घडीदार रबरी बूट हाताने दाबून पाहावेत, कारण गळलेले तेल त्यांच्यातच साठून राहते. तेल भरताना टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचेच भरावे. सर्व तेले सारखी नसतात आणि चुकीच्या तेलाने सील फुगतात किंवा आक्रसतात. स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवून पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, कारण त्या स्थितीत पंपावर कमाल दाब येतो आणि तेल फार तापते.

विजेच्या प्रकारात पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवले, की ही मोटर ५० अँपिअरहूनही अधिक प्रवाह ओढू शकते आणि थकलेल्या बॅटरीने किंवा गंजलेल्या अर्थिंगने व्होल्टेज पडले, तर संगणक मदत कमी करतो किंवा थांबवतो. पूर्ण भरलेली बॅटरी, गाडी काही तास उभी असताना, साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरी नुकतीच बदललेली असेल, तर काही गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरला मध्यबिंदू नव्याने शिकवावा लागतो. तो चुकला असल्यास गाडी सरळ जात असूनही स्टिअरिंग एका बाजूला किंचित मदत करत राहते. गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या साध्या स्कॅनरला पुष्कळदा केवळ इंजिनाचे कोड वाचता येतात, त्यामुळे ‘कोड नाही’ या उत्तरावर समाधान मानण्याआधी त्या स्कॅनरने स्टिअरिंगचा भाग खरोखर वाचला का, हे विचारून घ्यावे.

ढिलेपणा कुठे आहे?

सपाट जागेवर चाके सरळ ठेवून, स्टिअरिंगचे कुलूप सुटलेले असताना, बोटाच्या टोकाने स्टिअरिंग हलके डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि पुढचे चाक हलायला लागेपर्यंत स्टिअरिंगची कड किती सरकते ते पाहावे. हायड्रॉलिक गाडीत ही चाचणी इंजिन चालू ठेवून घ्यावी. अनेक गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ही मर्यादा कडेवर ३० मिलिमीटर दिलेली असते, पण चांगल्या रॅक-पिनियन (रॅक आणि तिला सरकवणारे छोटे दातेरी चाक असलेल्या) स्टिअरिंगमध्ये प्रत्यक्षात ती त्याहून बरीच कमी जाणवते.

ढिलेपणा जाणवला, तर दोघांनी मिळून पुढची चाचणी करावी. गाडी चाकांवरच उभी, हँडब्रेक ओढलेला आणि गिअर न्यूट्रलमध्ये असताना एकाने स्टिअरिंग घड्याळातल्या ११ आणि १ या आकड्यांच्या दरम्यान सतत, लहान झटक्यांनी हलवावे. दुसऱ्याने बाहेरून, चाकाच्या मागे हात घालून, एकेका सांध्यावर बोटे ठेवावीत. अंगठा सांध्याच्या एका भागावर आणि तर्जनी दुसऱ्या भागावर ठेवली, की झिजलेल्या सांध्यात दोन भाग एकमेकांच्या आधी-नंतर हललेले स्पष्ट कळतात. डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांना समजते. क्रम असा ठेवावा: बाहेरचा टाय रॉड एंड, रबरी बुटाच्या आतला सांधा (हा बुटावरूनच चाचपावा), रॅकला धरून ठेवणारे बुश, खालचा बॉल जॉइंट आणि शेवटी चालकाच्या पायांजवळून खाली जाणाऱ्या दांड्याचे सांधे. इंजिन चालू असल्यास पट्टे आणि पंखा यांपासून हात, बाही आणि केस दूर ठेवावेत आणि कारखाली डोके घालू नये.

त्यानंतर गाडी जॅकने उचलून, स्टँडवर टेकवून, मागच्या चाकांना अडण लावून चाक हलवून पाहावे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीला हिसके देणे अतिशय धोकादायक आहे. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर संशय टाय रॉड किंवा रॅकवर जातो. वर-खाली धरून हलवल्यावर जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा चाकाच्या बेअरिंगवर. या दोहोंतले कोणते, हे ठरवण्याची सोपी युक्ती अशी, की सहकाऱ्याने ब्रेक दाबून ठेवावा आणि आपण चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा असतो. तसाच राहिला, तर सांध्याचा. खराब रस्त्यावर खटखट वाजते पण स्टिअरिंगमध्ये खेळ मुळीच सापडत नाही, अशा वेळी स्टॅबिलायझर लिंक (वळणात गाडीचे झुकणे कमी करणाऱ्या दांड्याची जोडणी) पाहावी. ती वाजते पुष्कळ, पण चाकाची दिशा बदलत नाही.

परत न येणारे आणि मध्येच जड होणारे स्टिअरिंग

हा भाग थोडा विस्ताराने लिहितो, कारण याच तक्रारीवर सर्वांत जास्त चुकीची दुरुस्ती होते आणि गरज नसताना रॅक बदलले जातात. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होते, ते चाकाच्या वळण्याच्या अक्षाला दिलेल्या मागच्या आणि आतल्या कलामुळे. त्या नैसर्गिक ओढीला साखळीत कुठेतरी घर्षण आडवे आले, की स्टिअरिंग जिथे सोडावे तिथेच राहते आणि सरळ रस्त्यावरही सतत बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात.

काही वर्षांपूर्वी हाताळलेल्या एका गाडीत स्टिअरिंग वळवताना हलके, मग जड, पुन्हा हलके, पुन्हा जड लागत असे. पंप बदलावा, असा सल्ला मिळाला होता. पुढची दोन्ही चाके उचलून स्टँडवर घेतली, इंजिन बंद ठेवले, चावी फिरवून कुलूप सोडवले आणि दोन बोटांनी स्टिअरिंग अगदी सावकाश फिरवले. एका फेरीत बरोबर दोन ठिकाणी, समोरासमोर, बोटांना अडसर जाणवत होता. स्टिअरिंगच्या कडेवर त्या दोन ठिकाणी कागदी पट्टीचे तुकडे चिकटवून पुढची फेरी घेतली, तेव्हा अडसर पुन्हा नेमका त्याच तुकड्यांवर आला. पंप किंवा रॅक अशा प्रकारे फेरीशी बांधलेला असत नाही. फेरीत दोनदा येणारा अडसर दांड्याच्या क्रॉस जॉइंटचा (दांड्याचे दोन भाग कोनात जोडणाऱ्या सांध्याचा) असतो. चालकाच्या पायांजवळचे आवरण बाजूला केले, तेव्हा खालच्या क्रॉस जॉइंटभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसली. तो दांडा बदलल्यावर स्टिअरिंग पूर्ण बरे झाले आणि पंप आजही तोच आहे. हा दांडा सोडवताना स्टिअरिंग मोकळे फिरू देऊ नये, कारण त्यामागे एअरबॅगची फीत असते आणि ती जास्त फिरली तर तुटते. एअरबॅगच्या जवळचे काम नवशिक्याने स्वतः करूच नये.

अडसर फेरीशी बांधलेला नसून उभ्या गाडीत वळवताना ‘टण्ण’ असा स्प्रिंग सुटल्याचा आवाज येत असेल, तर स्ट्रटच्या (शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांच्या एकत्र खांबाच्या) वरच्या बेअरिंगवर लक्ष द्यावे. सहकारी स्टिअरिंग वळवत असताना स्प्रिंगच्या बाहेरच्या वेटोळ्याला फक्त बोटांची टोके टेकवावीत. वेटोळ्यांच्या मध्ये बोट कधीही घालू नये. बेअरिंग चांगले असेल, तर स्प्रिंग सलग फिरते. अडकलेले असेल, तर ती पीळ साठवते आणि मग उडी मारते. असे बेअरिंग असलेल्या गाडीला जणू आधीच्या वळणाची आठवण राहते: डावे वळण घेतले की ती थोडा वेळ डावीकडे ओढते आणि उजवे घेतले की उजवीकडे. हीच खूण लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या भुजेचे) बुश चुकीच्या स्थितीत आवळल्यानेही दिसते. हे रबरी बुश गाडी चाकांवर टेकलेली असताना आवळायचे असतात. गाडी हवेत लटकवून आवळले, तर टेकताच त्यांना कायमचा पीळ पडतो. नुकतेच सस्पेन्शनचे काम केलेल्या गाडीत हा प्रश्न मेकॅनिकला अवश्य विचारावा. ‘खेळ काढण्यासाठी’ कुणी रॅकवरचा समायोजनाचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळून ठेवलेला असेल, तर स्टिअरिंग नेमके मधोमध चिकटल्यासारखे लागते.

ब्रेक, बेअरिंग आणि थरथर

गाडी ब्रेक लावताना ओढते, अॅक्सिलरेटर दाबताना ओढते की नेहमीच ओढते, या वहीतल्या नोंदीचा इथे उपयोग होतो. केवळ ब्रेकच्या वेळी ओढत असेल, तर कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा लोअर आर्मचा मागचा बुश पाहावा. ब्रेक लावल्यावर एका दिशेला आणि वेग वाढवल्यावर उलट दिशेला जात असेल, तर बुशवरचा संशय फार बळावतो. नेहमीच ओढत असल्यास, शक्य तितका कमी ब्रेक वापरून काही किलोमीटर चालवावे आणि थांबल्यावर चारही रिमजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, उष्णता तपासावी. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही.

ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या दरम्यानची थरथर बहुधा बॅलन्सिंगची असते. ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर डिस्कच्या असमान जाडीची असते. अगदी कमी वेगात स्टिअरिंग डुलत असेल, तर टायरच्या आतले थर सुटले असण्याची भीती असते आणि तो टायर त्याच दिवशी काढावा. वळताना वाढणारी घरघर बेअरिंगची, आणि पूर्ण वळणात येणारी टकटक बाहेरच्या सीव्ही जॉइंटची (इंजिनाची शक्ती चाकाला देणाऱ्या दांड्याच्या सांध्याची) असते.

अपघाताची खूण

चाके सरळ ठेवून स्टिअरिंग आधी डावीकडे टोकापर्यंत आणि मग सरळ स्थितीपासून उजवीकडे टोकापर्यंत फिरवून दोन्हीकडच्या फेऱ्या मोजाव्यात. दोन्हीकडे फेऱ्या जवळजवळ सारख्या असायला हव्यात. एका बाजूला पाऊण फेरी जास्त भरली, तर रॅक मध्यावर नाही, टाय रॉड वाकलेला आहे किंवा कुणी स्टिअरिंग काढून चुकीच्या दात्यांवर बसवले आहे. मग दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर टेपने मोजावे, चाक आणि मडगार्ड यांमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का ते पाहावे, आणि स्ट्रटच्या किंवा सबफ्रेमच्या (सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या सांगाड्याच्या) बोल्टवर पान्ह्याच्या ताज्या खुणा आहेत का, ते शोधावे. एका बाजूचा लोअर आर्म चकचकीत नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना असणे, हेदेखील पुष्कळ काही सांगून जाते.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी

टायर, ब्रेक आणि सांधे यांचे काम पूर्ण झाल्यावरच अलाइनमेंट करावी. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट यंत्रावर बरोबर दिसते आणि रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात बदलते. हवेचा दाब आधी जुळवून घ्यावा, चारही चाकांची अलाइनमेंट मागावी आणि दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील अहवाल घ्यावेत. त्यांपैकी आधीचा अहवाल निदानासाठी अधिक मोलाचा असतो, आणि तोच बहुतेक वेळा दिला जात नाही.

अहवाल वाचताना डाव्या-उजव्या बाजूंतला फरक पाहावा. सर्वसाधारणपणे गाडी कमी कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागचा कल) असलेल्या बाजूला आणि जास्त धन कँबर (चाकाचा वरचा भाग बाहेर झुकलेला) असलेल्या बाजूला ओढते. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग तिरके राहते, अशी तक्रार असेल, तर थ्रस्ट अँगलचा, म्हणजे मागची चाके ज्या दिशेने ढकलतात ती दिशा आणि गाडीची मध्यरेषा यांतल्या कोनाचा, आकडा पाहावा. तो शून्यापासून लांब असेल, तर मागची चाके गाडीला तिरके ढकलत आहेत आणि पुढे कितीही समायोजन केले तरी मूळ दोष तसाच राहील. पुढे स्ट्रट असलेल्या बऱ्याच गाड्यांत केवळ टो बदलता येतो. अशा गाडीत कँबर मर्यादेबाहेर निघाला आणि ‘तो बसत नाही’ असे सांगितले गेले, तर ते उत्तर म्हणून स्वीकारू नये. कोणता भाग वाकला किंवा झिजला आहे, हे विचारावे आणि तो भाग दाखवायला सांगावे.

काम झाल्यावर वहीत नोंदवलेल्या त्याच रस्त्यावर, त्याच वेगांना, गाडी पुन्हा चालवावी आणि प्रत्येक तक्रारीपुढे आता काय जाणवते ते लिहावे. एका वेळी एकच बदल केला असेल, तर कोणत्या कामाने कोणती तक्रार गेली हे नेमके कळते. सुमारे १,००० किलोमीटर झाल्यावर पुढच्या दोन्ही टायरांच्या नक्षीवर पुन्हा आडवा हात फिरवावा. जुन्या दात्यांची धार बोथट होत चालली असेल, तर टो योग्य बसला आहे. ती तशीच तीक्ष्ण राहिली असेल, तर दोन्ही अहवाल घेऊन त्याच ठिकाणी परत जावे.